छप्पर कुणाच्या नावावर? तेराव्या शतकातले भिक्षेकरी ख्रिस्ती संघ

कोरान्न

असिसीच्या फ्रान्सिसबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात तो पाखरांना प्रवचन देतो, लांडग्याची समजूत घालतो आणि लेख संपतो. त्याच्या मागून आलेले हजारो फ्रायर, म्हणजे भिक्षेकरी संघातले बंधू, रोज जेवत कुठे, राहत कुणाच्या घरात, छप्पर गळलं तर सुताराला पैसे कोण देत, हे फारसं कुणी सांगत नाही. मला त्यातच रस आहे, म्हणून हा धागा.

आधी एक फरक लक्षात घेऊ. बेनेडिक्टच्या नियमानं राहणारा मठवासी स्वतः निर्धन असे, पण त्याचा मठ निर्धन नसे. मठाकडे जमिनी, पाणचक्क्या, कुळं, दशमांशाचं उत्पन्न असे. शिवाय ज्या मठात दीक्षा घेतली तिथेच मरेपर्यंत राहायचं अशी त्याची शपथ असे. फ्रायरनं दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. मालमत्ता त्याचीही नाही आणि संघाचीही नाही. आणि तो एका घराला बांधलेला नाही, वरिष्ठ सांगतील त्या गावी त्यानं जायचं.

हे १२०० च्या आसपासच का झालं? उत्तर इटली, दक्षिण फ्रान्स आणि फ्लँडर्समधली शहरं फुगत होती, रोकड खेळत होती. पॅरिशच्या, म्हणजे एकेका धर्मगुरूकडे सोपवलेल्या वस्त्यांच्या, हद्दी मात्र जुन्याच होत्या. पॅरिशच्या धर्मगुरूला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणता आली म्हणजे पुरे. प्रवचन हे मुळात बिशपचं काम. ही पोकळी लिऑनच्या वाल्दो नावाच्या व्यापाऱ्यानं आधी ओळखली होती. १२व्या शतकाच्या आठव्या दशकात त्यानं संपत्ती वाटून टाकली आणि रस्त्यावर बोलायला लागला. ११७९ साली रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेच्या वेळी त्याच्या गरिबीचं कौतुकच झालं. फक्त स्थानिक धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय प्रवचन नको, एवढंच सांगण्यात आलं. त्यानं ऐकलं नाही. ११८४ साली पोप लुशियस तिसरा यानं पाखंड्यांच्या यादीत त्याच्या माणसांना घातलं. म्हणजे गुन्हा गरिबीचा नव्हता, विनापरवाना बोलण्याचा होता.

पोप इनोसंट तिसरा यानं हा धडा बरोबर घेतला. १२०१ मध्ये त्यानं हुमिलियाती या तशाच बाहेर काढलेल्या मंडळींना परत आत घेतलं, १२०८ मध्ये वाल्दोपंथी डुरांड दे वेस्कालाही. १२०९ मध्ये फ्रान्सिस अकरा सोबत्यांना घेऊन रोमला आला तेव्हा त्याला तोंडी परवानगी मिळाली, तीही पश्चात्तापाचा उपदेश करण्यापुरती. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं १३व्या कलमात नवीन संघांना बंदी घातली, आणि त्याच परिषदेच्या १०व्या कलमात बिशपांनी लायक प्रवचनकार नेमावेत असंही म्हटलं! दुसऱ्या मोठ्या भिक्षेकरी संघाचा संस्थापक डॉमिनिक, त्यानं यातून वाट काढली: जुना, मान्य असलेला ऑगस्टिनचा नियम घेतला, त्यावर स्वतःची घटना चढवली, आणि २२ डिसेंबर १२१६ ला होनोरियस तिसरा याच्याकडून मान्यता मिळवली.

फ्रान्सिसची अंतिम नियमावली २९ नोव्हेंबर १२२३ ची. अवघी १२ प्रकरणं. दोन अंगरखे, एक टोपीचा आणि एक बिनटोपीचा, कमरेला दोरी, गरज पडली तरच पायताण, आजारपण किंवा तशीच निकड असल्याखेरीज घोड्यावर बसायचं नाही. चौथं प्रकरण सगळ्यात कडक: नाणं किंवा पैसा स्वतः घ्यायचा नाही आणि मध्यस्थामार्फतही घ्यायचा नाही. पाचव्यात कष्टाचं काम सांगितलंय, मोबदला चालेल पण पैशात नाही. सहाव्यात: घर, जागा, वस्तू काहीही स्वतःचं करायचं नाही, आणि न लाजता भिक्षेला जायचं. फ्रान्सिसच्या मृत्युपत्रात तर क्रमही दिलाय. आधी काम, कामाचं काही मिळालं नाही तर दारोदार.

आता खरा प्रश्न. एक विधवा मरताना फ्रायरांच्या घरासाठी चांदी ठेवून गेली. छपराला गळती लागलीय. सुतार रोख मागतोय. पुढे काय?

सातबारा

झकास विषय. कायद्याच्या अंगानं उत्तर देतो, कारण या मंडळींचा इतिहास अर्धा तिथेच घडलाय.

प्रश्न फ्रान्सिसच्या हयातीतच आला होता. असिसीजवळच्या पोर्तियुंकुलाला संघाची सभा भरणार म्हणून असिसीच्या नागरिकांनी तो बाहेर असताना एक पक्कं घर बांधून दिलं. परत आल्यावर तो छपरावर चढला आणि कौलं खाली टाकायला लागला. खालून शहराचे लोक ओरडले, घर तुमचं नाही, नगराचं आहे. तो गप खाली उतरला. बोलोन्यात त्यानं आजाऱ्यांसकट सगळ्या फ्रायरांना घराबाहेर काढलं होतं. कार्डिनल उगोलिनोनं जाहीरपणे 'हे घर माझं' म्हटल्यावर त्यांना परत आत येता आलं. पुढच्या शंभर वर्षांची सगळी युक्ती या दोन प्रसंगांत आहे. मालक दुसराच असला की झालं.

हाच उगोलिनो पुढे पोप ग्रेगरी नववा झाला आणि २८ सप्टेंबर १२३० च्या आज्ञापत्रात त्यानं व्यवहाराची रीत घालून दिली. फ्रान्सिसचं मृत्युपत्र संघावर बंधनकारक नाही, हे पहिलं. मग पैशाचं. तुमच्या विधवेच्या उदाहरणावर लावून दाखवतो:

फ्रायर चांदीला हात लावत नाही. सुताराचं देणं आहे असं तो देणगीदाराला, इथे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, कळवतो. पैसे देण्यासाठी एक माणूस लागतो, त्याला 'निरोप्या' म्हणू. हा निरोप्या फ्रायरांचा प्रतिनिधी नसून देणाऱ्याचा प्रतिनिधी मानायचा, इथे सगळी मेख आहे. फ्रायरांचा मानला तर 'मध्यस्थामार्फत पैसा घेतला' असं होऊन चौथं प्रकरण मोडतं. निरोप्या सुताराला पैसे देतो. काही शिल्लक राहिलं तर ते फ्रायरांकडे येत नाही; गावातल्या एखाद्या विश्वासू गृहस्थाकडे, 'आध्यात्मिक मित्रा'कडे, ठेवायचं, आणि पुढची गरज निघाली की त्याला सांगायचं. सांगायचं म्हणजे विनंती करायची. त्यानं नाही दिलं तर फ्रायर हक्कानं मागू शकत नाही, कारण हक्क म्हटला की मालकी आली.

जमीन आणि इमारती १२३० प्रमाणे मूळ दात्याच्याच नावावर राहायच्या. लंडनचं उदाहरण बघा: १२२५ मध्ये जॉन आयविन नावाच्या कापडव्यापाऱ्यानं न्यूगेटजवळची जागा घेतली आणि ती फ्रायरांना न देता लंडनच्या नागरिकांच्या समुदायाला दिली, फ्रायरांच्या वापरासाठी. ऑक्सफर्डलाही तेच झालं. इंग्लंडात नगरपालिका मालक, फ्रायर वहिवाटदारही नाहीत, नुसते वापरणारे.

यात बिघडायचं कुठे? दाता मेला की. वारस म्हणायचे, जागा आमच्या बापाची, उठा. म्हणून १२४५ मध्ये इनोसंट चौथा यानं ठरवलं की दात्यानं मालकी स्पष्टपणे राखून ठेवली नसेल तर ती रोमच्या चर्चची. त्याच आज्ञापत्रात त्यानं 'गरजे'सोबत 'सोयी'साठीही आध्यात्मिक मित्राकडे जायला मुभा दिली. ती सवलत संघालाच इतकी बोचली की त्यांनी ती बाजूला ठेवली. १२७९ मध्ये निकोलस तिसरा यानं मालकी, ताबा, फलोपभोग, वापराचा हक्क आणि नुसता प्रत्यक्ष वापर अशा पाच गोष्टी वेगळ्या काढल्या. फ्रायरांकडे फक्त पाचवी. १२८३ मध्ये मार्टिन चौथा यानं प्रत्येक घरासाठी पोपच्या नावानं कारभारी नेमायची सोय केली. नेमणूक आणि बदली फ्रायरांच्या सांगण्यावरून, आणि त्याला कोर्टात दावा लावायचा अधिकार. बास, इथे यंत्र पूर्ण झालं.

घाटमाथा

आणि इथेच ते हास्यास्पदही झालं, नाही का? नेमणूक तुमच्या शिफारशीनं, बदली तुमच्या शिफारशीनं, तो भांडणार तुमच्या घरासाठी, आणि मालक कोण तर रोम. याला आमच्याकडे बेनामी व्यवहार म्हणतात.

ओवी_अर्धी

वाचनखूण साठवली. बौद्ध विनयातला कप्पियकारक आठवला. भिक्खूनं सोनंनाणं घ्यायचं नाही. उपासक ते कप्पियकारकाकडे देतो आणि भिक्खू त्याला फक्त 'मला चीवर हवंय' एवढं सांगू शकतो. तिथे तर किती वेळा आठवण करून द्यायची, किती वेळा नुसतं गप्प उभं राहायचं, याचीही मोजदाद आहे.

कोरान्न

@घाटमाथा, बेनामी म्हणायला हरकत नाही, पण त्या कागदामुळे काही गोष्टी खरोखर करता येत नसत. घर भाड्यानं देता येत नसे. दरसाल ठरावीक उत्पन्नाचा करार करता येत नसे. वारसदार म्हणून नाव लावता येत नसे. बेनेडिक्टाईन मठ दुष्काळात जमीन गहाण टाकून धान्य आणू शकत असे. फ्रायरांच्या घराला तो रस्ता बंद. ती घरं खरंच शेजाऱ्यांच्या मर्जीवर जगत.

कुठे काय बिघडलं याची उत्तम यादी १३१२ च्या क्लेमेंट पाचव्याच्या आज्ञापत्रात आहे. मनाई ज्याची केलीय ते चालू होतं असं समजून वाचायचं: वारसा घेणं, वार्षिक उत्पन्न घेणं, ऐहिक खटल्यांत वकिलांच्या मागे हिंडणं, विकण्याइतका माल निघेल एवढ्या बागा आणि द्राक्षमळे, प्रमाणाबाहेर इमारती, धान्याची कोठारं, दारूची तळघरं.

कोठारांचं मात्र त्यांच्या बाजूनं बघायला हवं. भीक हंगामी असते. धान्य सुगीनंतर मिळतं, द्राक्षारस तोडणीनंतर. दोघं-चौघं असताना रोजचं रोज भागतं. पण शहरातल्या घरात तीस-चाळीस जण, त्यातले निम्मे शिकणारे, म्हणजे दिवसभर झोळी घेऊन फिरायला मोकळे नाहीत. सुगीला गाडाभर गहू मिळाला तर तो ठेवायचा कुठे? क्लेमेंटनंही शेवटी हेच म्हटलं: रोजच्या भिक्षेवर भागणारच नाही असा अनुभव असेल तिथे कोठार चालेल. ठरवायचं कोणी, तर वरिष्ठांनी घरातल्या शहाण्या फ्रायरांना विचारून. भांडण मिटवायला काढलेल्या आज्ञापत्रात भांडणाचं बी असं पेरलेलं असतं.

कडवे लोक, ज्यांना पुढे 'स्पिरिच्युअल' म्हटलं गेलं, ते म्हणत होते की मालकी सोडणं पुरेसं नाही, वापरही गरिबासारखाच हवा. पीटर ऑलिव्हीचं हेच म्हणणं. १३१७ मध्ये जॉन बाविसाव्यानं आखूड, ठिगळांचे अंगरखे टाकून वरिष्ठ सांगतील ते घाला आणि कोठारं मान्य करा असा हुकूम काढला. ज्यांनी ऐकलं नाही त्यातल्या चौघांना ७ मे १३१८ ला मार्सेयमध्ये जाळलं. कोठार आणि कपड्याच्या लांबीवरून.

शाईदौत

धागा फ्रान्सिस्कनांच्या अंगणातच अडकलाय, म्हणून डॉमिनिकनांची बाजू. त्यांना गरिबी हे साध्य कधीच नव्हतं. दक्षिण फ्रान्समध्ये कॅथार या पाखंडी ठरलेल्या पंथाचे उपदेशक पायी, उपाशी हिंडायचे आणि पोपचे दूत लवाजम्यासह घोड्यांवरून यायचे. १२०६ साली मॉपेलियेला ओस्माचा बिशप दिएगो आणि डॉमिनिक यांनी त्या दूतांना सांगितलं, असं कोण ऐकेल तुमचं? घोडे परत पाठवा. गरिबी हे प्रवचनाचं हत्यार म्हणून आली. सुरुवातीला तुलूझचा बिशप फुल्क यानं त्यांना पॅरिशांच्या दशमांशातला एक हिस्साही लावून दिला होता. १२२० च्या बोलोन्याच्या सभेत त्यांनी असली सगळी उत्पन्नं सोडली. नन्सचं मात्र वेगळं: कोंडलेल्या बायका भिक्षेला जाऊ शकत नाहीत, त्यामुळे प्रुई इथल्या मठाच्या जमिनी राहिल्या. (फ्रान्सिस्कन बाजूला तिथल्या नन्सची संस्थापक क्लारा जमीन नको म्हणून मरेपर्यंत भांडली. तिची नियमावली ९ ऑगस्ट १२५३ ला मंजूर झाली, ती ११ ला वारली.)

डॉमिनिकनांची घटना हा वाचण्यासारखा दस्तऐवज आहे. नवीन घर काढायला किमान बारा फ्रायर हवेत, शिवाय एक प्रमुख आणि एक शिकवणारा. शिकवणारा नसेल तर घर नाही. अभ्यासाला पाठवलेल्या फ्रायरला त्याच्या प्रांतानं निदान तीन पुस्तकं द्यायची: बायबल, पीटर कोमेस्टरचा बायबल-इतिहास, पीटर लोम्बार्डचं 'सेंटेन्सेस'. चर्चमधली सामूहिक प्रार्थना आटोपशीर आणि चटपटीत, म्हणजे अभ्यासाला वेळ उरतो. अभ्यासात किंवा प्रवचनात अडथळा येत असेल तर घराचा प्रमुख कुणालाही कुठल्याही नियमातून सूट देऊ शकतो. आणि नियम मोडला तर शिक्षा आहे, पण ते पाप नाही. हे शेवटचं वाक्य त्या काळात फार धाडसी होतं.

कायदा बदलायचा तर लागोपाठ तीन सर्वसाधारण सभांची मंजुरी लागे: मांडणं, संमती, शिक्कामोर्तब. या सभा दरवर्षी, आणि त्यातल्या दोन निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या तर तिसरी प्रांतप्रमुखांची. म्हणजे कुठलाही बदल दोन्ही गटांच्या हाताखालून गेल्याशिवाय होत नाही. भावनेच्या भरात केलेले ठराव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपोआप गळून पडत.

इमारतींची मापंही दिलीत. माडी नसेल तर भिंत १२ फुटांपेक्षा उंच नाही, माडी असेल तर २०, चर्च ३०. दगडी कमान-छत फक्त गायनकक्ष आणि सामानाच्या खोलीवर. हा नियम मात्र टिकला नाही. तुलूझचं डॉमिनिकनांचंच जाकोबँ चर्च पाहिलं की कळतं, बावीस मीटरच्या वर खांब गेलेत. कारणही सरळ आहे: प्रवचन ऐकायला हजारभर माणूस यायला लागला की ३० फुटी शेडमध्ये मावत नाही. म्हणून तिथे मधोमध खांबांची एक रांग, दोन दालनं. एक फ्रायरांचं, एक लोकांचं. लोकांच्या दालनात वेदीपेक्षा व्यासपीठाला महत्त्व.

घाटमाथा

कडक प्रतिसाद. पण एवढ्या लवकर पसरले कसे? चर्चचा कारभार तर मुंगीच्या गतीनं चालायचा.

मुक्काम_पोस्ट

पहिल्या फेरीत नीट नाहीच पसरले. १२१९ ला साठेक फ्रान्सिस्कन जर्मनीत गेले. एकालाही जर्मन येत नव्हतं. 'जेवायला, राहायला हवं का' असं विचारलं तर 'या' (जर्मनमध्ये 'हो') म्हणाले, सोय झाली. मग ठरवलं, काहीही विचारलं तरी 'या'. पुढच्या ठिकाणी विचारलं, 'तुम्ही पाखंडी का? लोम्बार्डी नासवून आता इथे आलात का?' उत्तर 'या'. मार खाल्ला, कपडे काढून घेतले, काहींना कोंडलं. जिओर्दानो दा जानो या त्यांच्याच बखरकारानं हे लिहून ठेवलंय.

भाषा हा अर्धा भाग. दुसरा अर्धा म्हणजे कागद नव्हता. पायताण नसलेला, ओळखपत्र नसलेला, रस्त्यावर उपदेश करणारा माणूस त्या काळच्या बिशपला पाखंडीच दिसणार. म्हणून जून १२१९ पासून पोपची शिफारसपत्रं निघायला लागली: हे लोक कॅथलिक आहेत, त्यांना थारा द्या. १२२० मध्ये एक वर्षाची उमेदवारी सक्तीची झाली, आणि वरिष्ठांच्या पत्राशिवाय भटकायला बंदी. १२२१ ची जर्मन मोहीम पंचवीसेक जणांची, सीझर या स्पायरच्याच माणसाच्या हाताखाली, काही जर्मन बोलणारे. ती बसली.

इंग्लंडात डॉमिनिकन ऑगस्ट १२२१ मध्ये आले, कँटरबरी आणि लंडनवरून सरळ ऑक्सफर्डला गेले. फ्रान्सिस्कन १० सप्टेंबर १२२४ ला डोव्हरला उतरले: नऊ जण, चार धर्मगुरू वर्गातले, पाच साधे. खाडी ओलांडायचं भाडं नव्हतं, फेकांच्या मठवाशांनी फुकट आणलं. कँटरबरीला एका शाळेच्या लहानशा खोलीत राहिले. संध्याकाळी मुलं गेली की विस्तव पेटवायचे आणि बिअरचा गाळ पाणी घालून, गरम करून पाळीपाळीनं प्यायचे. बत्तीस वर्षांनी त्यांची इंग्लंडात ४९ घरं आणि १,२४२ फ्रायर होते. डॉमिनिकनांची सगळ्या युरोपात मिळून १२७७ मध्ये ४०४ घरं, १३०३ मध्ये ५९०.

प्रत्येक घराला भिक्षेचा इलाका आखून दिलेला असे. शेजारच्या घराच्या हद्दीत झोळी न्यायची नाही. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला फ्रायर असाच इलाकेदार आहे, आणि आपल्या पट्ट्यातल्या कुठल्या घरी काय मिळतं हे त्याला चोख ठाऊक आहे. एका शहरात दोन-तीन संघ आले की जागेवरून मारामारी. म्हणून क्लेमेंट चौथा यानं दोन संघांच्या चर्चमध्ये किमान ३०० कान्ना अंतर ठरवलं. दाट वस्तीच्या शहरांत ते जमेना, तेव्हा १२६८ मध्ये १४० वर आणलं. कान्ना म्हणजे ढोबळमानानं दोन मीटर.

ओवी_अर्धी

मग बाकीचे संघ? चारच का उरले?

मुक्काम_पोस्ट

कारण १२७४ च्या लिऑन परिषदेनं छाटणी केली. १२१५ नंतर निघालेले आणि भिक्षेवर जगणारे संघ बंद. त्यातल्या गोणपाटवाल्या फ्रायरांचा, म्हणजे सॅक फ्रायर्सचा, पसारा मोठा होता. मारायची पद्धत शांत होती: नवीन उमेदवार घ्यायचे नाहीत, नवीन घर घ्यायचं नाही, आहे ते विकायचं नाही, बाहेरच्यांचं प्रवचन, कन्फेशन (पापांची कबुली ऐकणं), दफन काही करायचं नाही. आहेत ते म्हातारे होऊन मरेपर्यंत राहा. फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकनांना चर्चला झालेल्या उघड फायद्यामुळे वगळलं. कार्मेलाईट आणि ऑगस्टिनियन अधांतरी ठेवले. त्यांच्यावरची टांगती तलवार बोनिफेस आठव्यानं १२९८ मध्ये काढली.

परसदार

पॅरिशच्या धर्मगुरूंची बाजू कुणी मांडत नाहीये. १२१५ च्या लॅटरन परिषदेच्या २१व्या कलमानं प्रत्येकानं वर्षातून एकदा 'आपल्या' धर्मगुरूकडे कन्फेशन करायचं होतं. आता शिकलेला, अनोळखी, उद्या गाव सोडून जाणारा फ्रायर समोर असताना गावभर ओळख असलेल्या पाद्रीबाबाला कोण पापं सांगेल? कन्फेशन गेलं की मृत्युपत्र गेलं, मृत्युपत्र गेलं की दफन गेलं, दफन गेलं की मेणबत्त्या, चादर, दक्षिणा सगळं गेलं. श्रीमंत लोक फ्रायरचा अंगरखा घालून फ्रायरांच्या आवारात पुरून घ्यायला लागले. पॅरिशच्या छपरालाही गळती होतीच की.

पॅरिस विद्यापीठात हेच भांडण खुर्च्यांवरून पेटलं. १२२९ च्या संपात बाकीचे प्राध्यापक शहर सोडून गेले, डॉमिनिकन शिकवत राहिले आणि त्यांना पहिली खुर्ची मिळाली. संपफोड्यांबद्दल जे मत असतं तेच झालं. १२५६ मध्ये गियोम द सँतामूर यानं भिक्षेकऱ्यांना जगबुडीच्या वेळचे खोटे प्रेषित ठरवणारा ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी पोपनं तो निषिद्ध केला.

तोडगा निघाला १८ फेब्रुवारी १३०० ला, बोनिफेस आठव्याच्या आज्ञापत्रानं. फ्रायरांनी स्वतःच्या चर्चमध्ये आणि चौकात खुशाल बोलावं, पण स्थानिक बिशपचं प्रवचन असेल त्या वेळी नाही. पॅरिश चर्चमध्ये तिथल्या धर्मगुरूच्या संमतीनंच. कन्फेशन ऐकायला वरिष्ठांनी निवडक फ्रायर बिशपपुढे उभे करायचे आणि त्यानं परवाना द्यायचा. दफन कुणाचंही करा, पण त्यातून आणि मृत्युपत्रातून जे येईल त्याचा चौथा हिस्सा पॅरिशला. १३०४ मध्ये बेनेडिक्ट अकरावा, जो स्वतः डॉमिनिकन, त्यानं हे रद्द केलं. १३१२ मध्ये क्लेमेंट पाचव्यानं परत लागू केलं. चौथाई ठरल्यावर कटकट संपली नाही, फक्त हिशेबाची झाली: अंत्यविधीच्या मेणबत्त्या चौथाईत धरायच्या की नाही, वगैरे.

सातबारा

चौथाई शब्द वाचून मराठी मनाला बरं वाटलं :)

यंत्र मोडलं कसं ते राहिलंय. जॉन बाविसावा मुरलेला कायदेपंडित. ८ डिसेंबर १३२२ ला त्यानं विचारलं: ज्या वस्तू वापरताच संपतात त्यात मालकी आणि वापर वेगळे कसे करणार? फ्रायरला कुणी एक अंडं, चीजचा तुकडा किंवा पावाचा कोर दिला, त्यानं तो तिथेच खाल्ला. आता त्या अंड्याची मालकी रोमच्या चर्चची होती असं कुणाला वाटेल? घर, जमीन यांच्याबाबत निदान कल्पना तरी करता येते. म्हणून फ्रायरांना यापुढे मिळणाऱ्या वस्तूंची मालकी तो नाकारतो आणि पोपचे कारभारी बंद करतो. चर्च, राहती घरं, पूजेची भांडी-वस्त्रं आणि पुस्तकं यांची मालकी मात्र त्यानं ठेवली. पुढच्या वर्षी १२ नोव्हेंबरला ख्रिस्त आणि प्रेषितांकडे काहीच मालकीचं नव्हतं असं हट्टानं म्हणणं पाखंड ठरवलं. संघप्रमुख चेसेनाचा मायकेल आणि विल्यम ऑफ ऑकम २६ मे १३२८ च्या रात्री ॲव्हिन्योंहून (पोपचं ठाणं तेव्हा तिथे होतं) पळाले, ते सम्राट बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला.

तर्काच्या बाबतीत माझं मत जॉनच्या बाजूनं आहे. पण अंड्यावरून त्यानं जे मोडलं ते अंड्यांसाठी केलेलंच नव्हतं. ते वारसांपासून घर वाचवण्यासाठी होतं.

सोपारे_बंदर

या भांडणाचं एक टोक थेट ठाण्यात आहे. तोलेन्तिनोचा थॉमस हा गरिबीच्या बाबतीत कडव्या गटातला. अँकोना भागात त्याला संघाच्याच लोकांनी डांबलं होतं. १२८९ मध्ये रेमों गोफ्रीदी संघप्रमुख झाला, त्यानं सोडवलं आणि आर्मेनियाला पाठवलं. घरात नकोसे झालेले लोक पूर्वेच्या मोहिमांवर, असा तो हिशेब.

१३२१ मध्ये थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे होर्मुझहून कोल्लमला निघाले होते. जहाज ठाण्याला लागलं. सोबत जॉर्दानुस नावाचा डॉमिनिकन. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, त्यातल्या एकात उतरले. जॉर्दानुस सोपाऱ्यावरून भरूचकडे गेला. मागे यजमानाच्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, बाईनं काझीकडे तक्रार नेली, साक्षीला या पाहुण्यांची नावं दिली. साक्ष बाजूला राहिली, धर्मावर वाद सुरू झाला, आणि एप्रिलमध्ये चौघेही मारले गेले. जॉर्दानुसनं परत येऊन त्यांना सोपाऱ्यात पुरलं. नंतर पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन आला, त्यानं अस्थी काढून चीनमधल्या झैतून बंदरातल्या आपल्या संघाच्या घरी नेल्या. १३२९ मध्ये याच जॉन बाविसाव्यानं जॉर्दानुसला कोल्लमचा बिशप नेमलं.

घाटमाथा

ठाण्याचं अजिबात माहीत नव्हतं. आणि गोवा-वसईला जे फ्रान्सिस्कन आले ते याच घरांचे का? त्यांच्याकडे तर गावंच्या गावं होती म्हणतात.

सातबारा

गोव्यात ते १५१७ पासून स्थायिक झाले, डॉमिनिकन १५४८ पासून. योगायोगानं १५१७ मध्येच पोप लिओ दहाव्यानं फ्रान्सिस्कनांची फाळणी कायम केली: मालमत्ता मान्य करणारे कॉन्व्हेंच्युअल वेगळे, न मानणारे ऑब्झर्व्हंट वेगळे. गोव्यात आले ते ऑब्झर्व्हंट. पोर्तुगालच्या राजाकडे पद्रुआदू होतं, म्हणजे धर्मप्रसाराचा खर्च त्याच्या तिजोरीतून, त्यामुळे नेमणुकीचा पगारासारखा वार्षिक तनखा त्यांना मिळे. तो 'राजाची भीक' म्हणून धरायचा.

डॉमिनिकनांचा प्रश्न आधीच सुटला होता. १४७५ मध्ये सिक्स्टस चौथा यानं, जो स्वतः फ्रान्सिस्कन, त्यांना सामूहिक मालमत्ता आणि उत्पन्न ठेवायची परवानगी दिली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेनं ती सवलत सगळ्याच भिक्षेकरी संघांना दिली. अपवाद दोनच, ऑब्झर्व्हंट फ्रान्सिस्कन आणि कापुचिन (फ्रान्सिस्कनांचीच एक कडक शाखा). बाकीच्यांच्या कागदोपत्री जागा त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या नावानं दिसायला लागतात.